चर्चचे बारा गुंठे

पृथ्वीच्या पाठीवरच्या एकाही कुंपणावर माझ्या सासऱ्यांचा विश्वास नव्हता. कुंपण माणूस घालतो आणि हद्द कागदावर असते, ह्या दोघांची गाठ पडलेली मी फार क्वचित पाहिली आहे, असं ते म्हणत. त्यांना तसं म्हणायचा अधिकारही होता. उभी नोकरी त्यांनी नगर जिल्ह्यात जमीनमोजणीत घालवली होती. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जाताना त्यांनी पाहिले होते, आणि एकदा अशा दोघांच्या मध्ये साखळी धरून उभे असताना स्वतःच्या कपाळाला दोन टाकेही घालून घेतले होते. निवृत्त झाल्यावर कुणी देवाला लागतं, कुणी बागेला लागतं. हे मोजण्यालाच लागले. नोकरीत असताना निदान कुणाचा अर्ज आल्याशिवाय मोजत नसत. नंतर तीही अट उरली नाही.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात ते आणि सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आले. विमानतळावर अनघा, म्हणजे माझी बायको, वडिलांच्या गळ्यात पडून रडत होती आणि तिच्या खांद्यावरून ते मला विचारत होते, "जावईबापू, हा हॉल साधारण पाच गुंठ्यांचा असेल, नाही?" घरी पोचल्यावर बूट काढायच्या आधी त्यांनी आमचं अपार्टमेंट पावलांनी मोजलं आणि लीजच्या कागदावर लिहिलंय त्यापेक्षा ते चाळीस चौरस फूट कमी भरतं असं जाहीर केलं. मी म्हणालो, बाबा, चालतं. त्यावर ते म्हणाले की तुम्हाला चालतं, जमिनीला चालत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात लोक जेवणाच्या रांगेत ताटं धरून उभे होते, तेव्हा हे भिंतीला पाठ लावून मोजून पावलं टाकत समोरच्या भिंतीपर्यंत गेले, तसेच परत आले आणि अध्यक्षांना गाठून म्हणाले की ह्या हॉलमध्ये पाचशे माणसं बसूच शकत नाहीत, चारशे वीस बसतील. अध्यक्ष नागपूरकडचे, शांत स्वभावाचे. "काका, अर्धे तर उभेच असतात ना यार," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी ह्यांच्या ताटात जिलबी वाढली.

पण खरी पंचाईत होती ती चालण्याची. त्यांना रोज सकाळी दोन तास चालायची सवय, आणि आमच्याकडे तर फुटपाथ अपार्टमेंटच्या फाटकापाशी संपायचा. पुढे नुसता रस्ता, गवताची कड, चर आणि पाइनची झाडं. माकडटोपी, मफलर, अनघानं घेतलेले पांढरेशुभ्र बूट आणि हातात निळ्या नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं असा माणूस त्या कडेनं चालू लागला की मोटारी आपोआप हळू होत. ती दोरी त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून मला आणायला लावली होती. तेहतीस फूट मोजून कापली आणि तिला सारख्या अंतरावर गाठी मारून तिचे सोळा आणे पाडले, कारण नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या हातात जी साखळी होती ती तेहतीस फुटी आणि सोळा आण्यांचीच होती. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. जगाचा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात ह्या मापानं बसलेला होता. एकदा पोलिसाची गाडी त्यांच्याजवळ थांबली. पोलिसानं अदबीनं विचारलं की काका, तुम्ही रस्ता चुकलात का. सासऱ्यांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारातून आलेलं. ते म्हणाले, "आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम नॉट लॉस्ट," आणि लगेच, ही गवताची कड नक्की कुणाच्या मालकीची, असं उलट त्यालाच विचारलं. पोलिसाला ते माहीत नव्हतं. तो त्यांना घरी सोडून गेला आणि जाताना मला म्हणाला, तुमचे सासरे फार सज्जन आहेत, पण त्यांना एखादा उजळ रंगाचा कोट घेऊन द्या.

अशाच एका सकाळी त्यांना ते चर्च सापडलं. आमच्यापासून दोन-अडीच मैलांवर, तंबाखूच्या शेतांमधून जाणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर, पांढऱ्या रंगाच्या लाकडी फळ्यांचं, जुनं प्रेस्बिटेरियन चर्च. मागे दफनभूमी, तिला तारेचं कुंपण, आणि पलीकडे पाइनचं दाट रान. हे थडग्यांच्या मधून पावलं मोजत फिरत असताना आतून एक ऐंशीच्या घरातल्या बाई बाहेर आल्या आणि आपल्या कुणा पूर्वजाला शोधताय का, असं त्यांनी विचारलं. सासरे म्हणाले, नाही, कोपऱ्याचा दगड शोधतोय.

ह्या मिस डोरोथी. पाचवीच्या मुलांना भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, चर्चच्या जुन्या कागदांच्या राखणदार. चर्चचा आणि त्या टाउनशिपचा इतिहास लिहायचं काम त्यांनी अंगावर घेतलेलं होतं. टाउनशिप म्हणजे आपल्याकडच्या महसुली मंडळासारखी समजा. नकाशावर तिची हद्द आहे, नाव आहे, पण कचेरी नाही, बाजार नाही, साधी पाटीसुद्धा नाही. पूर्वी तिथे पाणचक्कीची गिरणी होती, पोस्ट होतं, एका खोलीची शाळा होती. आता तंबाखू वाळवायची करड्या फळ्यांची खोपटं उरली होती, आणि तीही एकेक करून आमच्यासारख्यांच्या घरांसाठी पाडली जात होती. एकटं चर्च तेवढं जागेवर होतं. बाईंचा इतिहास मात्र पहिल्याच पानावर अडकला होता. जमिनीच्या मूळ दानपत्रात सगळी मापं पोलमध्ये दिलेली होती. झऱ्याजवळच्या दगडापासून पूर्वेला वीस पोल, सीडरच्या झाडाखालच्या दगडापर्यंत, आणि तिथून दक्षिणेला सोळा पोल. ह्यात जमीन नेमकी कुठे संपते ते बाईंना उमगत नव्हतं.

सासऱ्यांनी तो कागद हातात घेतला आणि, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. दोन पोल म्हणजे बरोबर त्यांची एक साखळी. वीस पोल म्हणजे दहा साखळ्या, सोळा पोल म्हणजे आठ, दहा आठे ऐंशी गुंठे, म्हणजे दोन एकर, ना इकडे ना तिकडे. दीडशे वर्षांपूर्वी कॅरोलायनाच्या रानात कुणी तरी ह्यांच्याच मापानं जमीन मोजून ठेवली होती. त्या संध्याकाळी जेवताना ते एकसारखे हेच सांगत होते. सासूबाईंनी शेवटी विचारलं की भाजीत मीठ आहे का. ते म्हणाले, "अगं, अर्धी साखळी. त्यांचा पोल म्हणजे आपली अर्धी साखळी."

त्यानंतर मंगळवार आणि शुक्रवार चर्चचे झाले, आणि शनिवारी मी ड्रायव्हर. बाई कागद वाचत, हे नकाशा काढत. अर्ध्या भिंतीएवढा तो नकाशा होता. त्यावर गिरणी, शाळा, ओढा, जुने रस्ते, कुणी कुणाला कुठलं शेत विकलं ते सगळं, वर इंग्रजीत आणि खाली बारीक अक्षरात मराठीत. बाई ह्यांना मिस्टर सर्व्हेयर म्हणत आणि हे बाईंना डोरोथीबाई. बाईंना बाई शब्दाचा अर्थ कळल्यावर त्या खूश झाल्या. त्या ह्यांच्यासाठी अंडं न घालता केक करायला शिकल्या; तो विटेसारखा होई, आणि हे तो चहात बुडवून निष्ठेनं संपवत. सासूबाईंनी एकदा बदल्यात शंकरपाळ्यांचा डबा पाठवला. डबा परत आला तो भरून, लोणच्याच्या काकड्यांनी. त्या काकड्या कशाशी खायच्या ह्यावर आमच्या घरी आठवडाभर चर्चा झाली.

जुन्या कागदांत चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या सभांची वही होती. तिच्या मागच्या पानांवर एक यादी होती. चर्चच्या सभासदांपैकी जे गुलाम होते त्यांची. त्यांना आडनावं नव्हती. हॅना, पीटर, म्हातारा आयझॅक, डायना, चॅरिटी, असं नाव आणि पुढे ते कुणाच्या मालकीचे होते ते. वर सज्जात बसून ते प्रवचन ऐकत. काहींच्या नावापुढे, पूर्वेच्या हद्दीला पुरलं, एवढंच लिहिलेलं होतं. बाई म्हणाल्या की लहानपणापासून त्यांनी हे ऐकलं आहे, पण पूर्वेला कुंपणाच्या आत एकही असं थडगं नाही. सासऱ्यांनी ती एकोणीस नावं आपल्या वहीत उतरवून घेतली. मला वाटलं नकाशासाठी असतील. पण संध्याकाळी फेऱ्या मारताना ती नावं ते पुटपुटताना मी ऐकलं.

फेब्रुवारीतल्या एका कोरड्या शनिवारी आम्ही मोजायला गेलो. झऱ्याजवळचा दगड जागेवर होता. तिथून दोरीचं एक टोक मी धरायचं आणि दुसरं त्यांनी. दिशा त्यांनी होकायंत्रावर धरली. मूळ मोजणीनंतर सुई किती सरकली असेल ह्याचा त्यांनी आदल्या दिवशी मला इंटरनेटवर शोध घ्यायला लावला होता. "उत्तरसुद्धा एका जागी राहत नाही, जावईबापू," ते म्हणाले, आणि ह्या गोष्टीचं त्यांना मनापासून वाईट वाटत असावं. साडेआठ साखळ्या झाल्या आणि कुंपण लागलं. दीड साखळी कमी. दीड गुणिले आठ, बारा गुंठे कुठे तरी गेले होते. सासरे तारेखालून वाकून पलीकडे गेले, आणि मी त्यांच्या मागे. पाइनच्या रानात काटेरी वेलींतून दीड साखळी पुढे गेलो, तर एका मेलेल्या सीडरच्या बुंध्याशी एक ओबडधोबड दगड होता, वरच्या बाजूला छिन्नीची फुली असलेला. आणि मागे वळून पाहिलं तेव्हा मला दिसलं की आम्ही ज्या जमिनीवरून चालत आलो ती सपाट नव्हती. ओळीनं लांबट खळगे होते, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक साधा दगड, आणि सगळ्यावर हिरवागार वेल पसरलेला. पानं सदाफुलीसारखी. तुरळक निळी फुलंही यायला लागली होती. सासऱ्यांनी बूट काढले आणि पायमोज्यांवर तिथे उभे राहिले. मीही काढले. खळगे मोजले. तेवीस भरले.

आता ह्यात दोन अडचणी होत्या. पाइनचं ते रान पूर्वी डोरोथीबाईंच्या घराण्याचं होतं आणि त्यांच्या पुतण्यानं नुकतंच ते एका बिल्डरला विकलं होतं. कुंपण कुठल्या घराण्यानं आत सरकवलं ते ह्यावरून उघड होतं. दुसरी अडचण म्हणजे त्या बिल्डरच्या नव्या कॉलनीत आम्ही घर बुक केलं होतं. नकाशावर पाहून अनघानं मुद्दाम कोपऱ्याचा लॉट, म्हणजे आपल्याकडचा प्लॉट, निवडला होता, मागे रान असलेला. मागचं रान म्हणजे हेच.

घरी येऊन त्यांनी आपला आणि बिल्डरचा असे दोन नकाशे एकावर एक धरले आणि अनघाला सगळं सांगितलं. त्या घरात पूर्वेच्या खोलीत कुणी झोपायचं, तुळस कुठे ठेवायची, हे तिचं सगळं ठरून गेलं होतं. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं. आपलं घर आहे ते."

ते म्हणाले, "आपलं असतं तर मोजलंच नसतं, बाळ."

दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. त्यांना त्याहून जास्त त्रास दुसऱ्या गोष्टीचा होत होता. मंगळवार आला आणि गेला, ते चर्चला गेले नाहीत. शुक्रवारीही गेले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले की आयुष्यभर मी मोजणी करून निकाल वाचून दाखवला आणि पुढच्या गावाला निघून गेलो, जिच्या विरुद्ध मोजलं तिच्या हातचा केक कधी खाल्ला नव्हता. शनिवारी अनघाच आपण होऊन म्हणाली, चला, मी सोडते तुम्हाला. तिघं गेलो. त्यांनी मोजणीचा कागद बाईंपुढे ठेवला आणि उभं राहूनच सगळं सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या इंग्रजीत बेग टू स्टेट वगैरे काही नव्हतं.

बाईंनी कागद पाहिला. मग खिडकीतून त्या कुंपणाकडे पाहत राहिल्या. "ते कुंपण माझ्या आजोबांनी घातलं," त्या म्हणाल्या. "मी सात वर्षांची होते. खिळ्यांचा डबा मी धरला होता. मी त्यांना विचारलं होतं की ते दगड कसले. ते म्हणाले, शेतातले."

थोड्या वेळानं त्यांनी सासऱ्यांना बसायला सांगितलं, केक कापला, आणि म्हणाल्या की तुम्ही मोजलंत, आता लिहायचं काम माझं. आणि त्यांनी ते लिहिलं. वडीलधाऱ्यांच्या सभेत स्वतः उभं राहून वाचलं, पुतण्या समोर बसलेला असताना. त्यानं पुढे वर्षभर बाईंशी बोलणं टाकलं. चर्चनं परवानाधारक सर्व्हेयर बोलावला. तो उपग्रहाशी बोलणारं यंत्र घेऊन आला आणि दोन दिवसांनी त्यानं जी हद्द सांगितली ती सासऱ्यांच्या दोरीपेक्षा वीतभर वेगळी होती. सासरे म्हणाले, यंत्रं चुकतात. बिल्डरनं थोडी कुरकुर केली, पण दफनभूमीवर घर बांधायची त्याचीही तयारी नव्हती. तीन लॉट नकाशावरून गेले, त्यांत आमचा एक. आम्ही पुढे चार मैलांवर दुसरीकडे घर घेतलं. मागे रान नाही, दुसऱ्याच्या घराची भिंत आहे. अनघा अजून कधी कधी त्या भिंतीकडे पाहते, मग हसते.

एप्रिलमध्ये सहा महिने संपले आणि ते परत गेले. दरवर्षी सप्टेंबरात चर्चमध्ये जुने सभासद लांबून लांबून परत येतात आणि एकत्र जेवतात. त्या वर्षी बाईंनी पलीकडच्या रस्त्यावरच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चलाही बोलावलं, कारण त्या यादीतल्या काहींचे वंशज तिथे असण्याची शक्यता होती. बरेच जण आले. कुंपण काढून टाकलेलं होतं, वाढलेली झुडपं साफ केलेली होती. मी कॉलिंग कार्डावरून नगरला फोन लावला आणि मोबाइल उंच धरून उभा राहिलो. बाई एकेक नाव वाचत होत्या आणि प्रत्येक नावानंतर थांबत होत्या. संपल्यावर मी फोन कानाला लावला. पलीकडून काहीच ऐकू येईना. मला वाटलं कार्ड संपलं. मग ते म्हणाले, "चॅरिटी राहिली."

मी तोवर कुठल्या सभेत बोललेलो नव्हतो. पण हात वर केला आणि म्हणालो की एक नाव राहिलं आहे, चॅरिटी. बाईंनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वरपासून पाहिला आणि ते नाव वाचलं. पहिल्या ओळीत बसलेली निळ्या हॅटमधली एक कृष्णवर्णीय आजी मागे वळून माझ्याकडे पाहत राहिली. जेवणाच्या वेळी ती मुद्दाम माझ्याजवळ आली आणि त्या फोनवर कोण होतं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, माझे सासरे. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांना माझा नमस्कार सांग म्हणाली.

ते परत कधी आले नाहीत. पुढच्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग सासऱ्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. फोनवर ते टाउनशिपची खबर विचारत, आणि मी सांगत असे की गिरणीच्या जागेवर आता किराण्याचं मोठं दुकान झालंय, शाळेपाशी चौपदरी रस्ता होतोय. ते ऐकून घेत आणि म्हणत, नकाशात आहे ना, मग झालं. दोन हजार आठच्या जानेवारीत ते गेले. अनघा विमानानं पुढे गेली. मी दोन दिवस मागे राहिलो, आणि निघायच्या आधी डोरोथीबाईंना सांगायला त्यांच्या घरी गेलो. त्या नव्वदीला आल्या होत्या, ऐकू कमी येत होतं. मी दोनदा सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या की आपण छापलेल्या पुस्तकात सासऱ्यांचे आभार मानले आहेत ते नुसते मिस्टर सर्व्हेयर म्हणून, कारण त्यांचं नाव आपण कधी विचारलंच नाही, आणि नंतर विचारायची लाज वाटत राहिली.

मी बाईंच्या वहीत इंग्रजी अक्षरांत सासऱ्यांचं पूर्ण नाव लिहून दिलं. त्यांचं, वडिलांचं आणि आडनाव. बाईंनी वही डोळ्यांजवळ धरून ते वाचलं. मी एक अक्षर सुधारून सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं. बाहेर कुठल्या तरी नव्या कॉलनीत पानं उडवायचं यंत्र चालू होतं, ते बंद होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग त्यांनी ते नाव आणखी एकदा, सावकाश, मोठ्यानं उच्चारलं.